शरदिंदुबाबूंचा पत्ता

दिवाळीच्या सुट्टीत पुतणीनं आपला फोन माझ्या हातात ठेवला आणि म्हणाली, "काका, एवढं वाचा. पण हसायचं नाही."

रहस्यकथा होती. इंदूरच्या सराफ्यात एका दागिने घडवणाऱ्या कारागिराचा खून होतो. वेळ रात्रीची, बाहेर खाऊगल्ली ऐन रंगात आलेली. सुरुवात खरोखर छान होती. पहिली तीन पानं मराठीत आणि चौथ्या पानापासून अचानक हिंदी. मी विचारलं, "हे मध्येच हिंदी कसं?"

"खून मराठीत जमला, पण तपास जमेना," ती म्हणाली. "आपल्याकडचे पोलीस कुठे मराठीत बोलतात? आणि मराठीत लिहून पाठवायचं कुणाला? इथे माझ्या वयाचं कुणी वाचत नाही आणि पुण्याचे लोक म्हणतील, ही कुठली मराठी."

मी हसलो नाही. कारण ही शेवटची भीती मला चांगलीच ओळखीची होती. बाविसाव्या वर्षी मीही एक रहस्यकथा लिहिली होती. वाचनालयातले बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळापहाड लहानपणीच संपवले होते, मग सुहास शिरवळकरांच्या मागे लागलो होतो. त्या भरात वहीभर कथा लिहून पुण्याच्या एका मासिकाकडे पाठवली. दोन महिन्यांनी ती परत आली. कुणीतरी मन लावून वाचली होती, हे खरं. 'गुमटी'भोवती लाल गोल काढून वर 'टपरी' लिहिलं होतं, 'ओटला' खोडून 'ओटा' केला होता आणि आमच्या टीआयचा सगळीकडे फौजदार झाला होता. शेवटी एवढंच, की भाषा सुधारावी. आता मध्य प्रदेशात ठाण्याच्या प्रमुखाला टीआय म्हणतात, त्याला मी काय करणार? पण तेव्हा हे सुचलं नाही. लाज वाटली. वही माळ्यावर गेली आणि मी बँकेच्या परीक्षेला बसलो.

पुतणीला मी हे सांगितलं नाही. त्याऐवजी शरदिंदुबाबूंची गोष्ट सांगितली. तीच इथे जरा सविस्तर लिहितो आहे, कारण तिच्या वयाची आणि तिच्यासारखी अडलेली मुलं आपल्या इतर गावांतही असतील.

1993 साली दूरदर्शनवर 'ब्योमकेश बक्शी' सुरू झालं. बासु चॅटर्जींची मालिका, रजित कपूर ब्योमकेश, के. के. रैना त्याचा मित्र अजित, आणि पुढे ब्योमकेशची बायको सत्यवती झालेली आपली सुकन्या कुलकर्णी. धोतर नेसलेला, फारसा न ओरडणारा, पिस्तूल न नाचवणारा हा गुप्तहेर आमच्या घरात सगळ्यांना आवडला. मूळ लेखक शरदिंदु बंद्योपाध्याय हे नाव मालिकेमुळे कळलं. मी गृहीत धरलं की हा माणूस जन्मभर कलकत्त्यात राहिला असणार. हॅरिसन रोडवरचं ते बिऱ्हाड, ट्राम, गल्ल्या, मेसमध्ये राहणारे कारकून, पावसाळी संध्याकाळी. हे सगळं तिथेच मुरलेल्या माणसाशिवाय कोण लिहील?

आमच्या शाखेत एक बंगाली सहकारी होते, त्यांना सगळे दादा म्हणायचे. स्वतः जबलपूरला जन्मलेले. मी त्यांच्याकडे मालिकेचं कौतुक केलं, तर ते म्हणाले, "अरे, वो तो तुम्हारे पूना में रहते थे."

माझ्या पुण्यात! तोवर मी पुण्याला तीनदा गेलो होतो, त्यातलं एकदा लग्नाला.

पण दादांचं म्हणणं खरं होतं. 1952 पासून 22 सप्टेंबर 1970 रोजी निधन होईपर्यंत शरदिंदुबाबू पुण्याचेच रहिवासी होते. ब्योमकेशच्या पूर्ण झालेल्या कथा 32, तेहतिसावी अपुरी राहिली. त्यांतल्या दोन तृतीयांश कथा त्यांनी वयाच्या पन्नाशीनंतर लिहिल्या, आणि त्याही बहुतेक पुण्यात. घराबाहेर मराठी, घरात बंगाली, आणि टेबलावर कलकत्ता.

बरं, त्याआधीही ते कलकत्त्यात रुजलेले नव्हतेच. जन्म 30 मार्च 1899, उत्तर प्रदेशातल्या जौनपूरचा, आजोळी. वडील बिहारमध्ये मुंगेरला वकील. मूळ घर कलकत्त्याजवळच्या बरानगरचं, पण आपल्यापैकी अनेकांचं मूळ गाव जसं कुलदैवताच्या निमित्तानं उरतं, तसंच काहीसं. शाळा मुंगेरला. मग कॉलेजसाठी कलकत्त्याच्या विद्यासागर कॉलेजात काही वर्षं, आणि कायद्याचं शिक्षण पाटण्याला. अशा लोकांना बंगालीत 'प्रवासी बंगाली' म्हणतात. आपल्याकडे बृहन्महाराष्ट्र असा भारदस्त शब्द आहे, त्यांचा शब्द मला जास्त प्रामाणिक वाटतो. पिढ्यान्‌पिढ्या घरं बांधून राहिलेल्या माणसाला प्रवासी म्हणायचं, यात थोडी थट्टाही आहे.

म्हणजे कलकत्ता त्यांनी पाहिलं ते मुख्यतः विद्यार्थी म्हणून. कॉलेजच्या वयात पाहिलेलं शहर माणूस विसरत नाही. खिशात पैसे कमी असतात, पायी हिंडणं जास्त होतं, आणि मेसमध्ये शेजारच्या खोलीत कोण राहतं, काय करतं, याबद्दल नको इतकं कुतूहल असतं. ब्योमकेशच्या 'सत्यान्वेषी' या कथेत नेमकं हेच आहे. एका मेसमध्ये राहणारी माणसं, आणि त्यांच्यातला कुणीतरी खुनी.

वकिली त्यांनी केली, पण मन रमलं नाही. 1929 मध्ये ती सोडून ते पूर्णवेळ लेखनाकडे वळले. 1932 मध्ये ब्योमकेश जन्मला. पहिली लिहिलेली कथा 'पथेर काँटा', म्हणजे वाटेतला काटा. त्यात कलकत्त्याच्या भर रस्त्यात माणसं कोसळून मरतात आणि काळजात सापडते ग्रामोफोनची पिन. ती कुठून आणि कशी येते, हे मी सांगणार नाही. पण त्या काळी घरोघरच्या फोनोवर बसवली जाणारी एवढीशी पिन खुनाला वापरायची, ही कल्पनाच किती घरगुती आहे बघा. विलायती पुस्तकांत विष हे दुर्मिळ असतं, खंजीर रत्नजडित. शरदिंदुबाबूंची हत्यारं हाताशी असणाऱ्या वस्तूंमधून येतात. पुढे 'शजारुर काँटा' या कादंबरीत तर साळिंदराच्या काट्यानं खून पडतात.

ब्योमकेशला 'डिटेक्टिव्ह' हा शब्द आवडत नाही. तो स्वतःला सत्यान्वेषी म्हणवतो, सत्याचा शोध घेणारा. तो अविवाहित राहत नाही. एका प्रकरणात ज्या घरात तपासाला जातो, तिथल्याच मुलीशी त्याचं जुळतं, ती सत्यवती. मग संसार, मुलगा, बायकोचे टोमणे, पैशाची ओढाताण, आणि अगदी शेवटी शेवटी दक्षिण कलकत्त्यात स्वतःचं घर. होम्सचं वय वाढत असेल, पण त्याला किराणा आणावा लागत नाही. ब्योमकेशला लागतो. गुन्हेही बहुतेक कुटुंबातलेच. मृत्युपत्र, दत्तक मुलगा, भावाभावांतला दावा, लपवलेलं लग्न. वकिलाच्या घरात वाढलेला माणूस कुठला माल जवळ बाळगून असतो, ते यात दिसतं.

अशा दहा कथा झाल्या, नाव झालं, आणि ब्योमकेश गप्प झाला. जवळजवळ पंधरा वर्षं.

झालं असं, की 1938 मध्ये हिमांशु राय यांनी त्यांना मुंबईला बोलावलं. मालाडची बॉम्बे टॉकीज तेव्हा देशातल्या सगळ्यात शिस्तीच्या चित्रसंस्थांपैकी एक होती. देविका राणी, अशोककुमार, लवकरच आपल्या लीला चिटणीस, आणि दिग्दर्शनाला फ्रान्झ ऑस्टेन हा जर्मन गृहस्थ. शरदिंदुबाबू तिथे कथा-पटकथा लिहिण्यासाठी पगारावर रुजू झाले. त्यांच्याच 'बिषेर धोंया' या कादंबरीवरून त्याच वर्षी 'भाभी' निघाला. पुढे 'दुर्गा', 'कंगन', 'नवजीवन', 'आझाद' या चित्रपटांवर त्यांनी काम केलं.

तुमच्यापैकी जे आज मालिकांसाठी किंवा वेब सीरिजसाठी लिहिण्याची स्वप्नं बघतात, त्यांनी या कामाचं स्वरूप नीट समजून घ्यावं. बॉम्बे टॉकीजमध्ये कथा एकाची आणि पडद्यावरचे संवाद दुसऱ्याचे, ही सर्रास रीत होती. 'अछूत कन्या'ची कथा निरंजन पाल यांची, संवाद जे. एस. कश्यप यांचे. बंगाली लेखकानं रचलेला प्रसंग जर्मन माणूस चित्रित करणार आणि नटनटी तो हिंदुस्तानीत बोलणार. म्हणजे लेखकाचं एकही वाक्य, त्यानं जसं मनात ऐकलं तसं, प्रेक्षकापर्यंत पोचणार नाही. पोचणार काय, तर प्रसंगांची मांडणी. कोण कधी दार उघडतो, कुणाला काय माहीत असतं आणि काय नसतं.

1940 मध्ये हिमांशु राय गेले. महायुद्ध सुरू होताच जर्मन मंडळींना इंग्रज सरकारनं आधीच अटकेत टाकलं होतं. संस्थेचे दिवस पालटले. शरदिंदुबाबू मात्र मुंबईत टिकून राहिले, सिनेमासाठी लिहीत राहिले. चौदा वर्षं. मग वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी सिनेमा सोडून ते पुण्याला आले आणि पुन्हा पूर्णवेळ बंगालीत लिहू लागले.

ब्योमकेश मात्र त्याच्या थोडा आधी, 1951 च्या सुमाराला, 'चित्रचोर' या कथेत परतला होता. त्यामागचं निमित्त गोड आहे. कलकत्त्याला गेले असताना तिथल्या मुलांनी त्यांना विचारलं, की तुम्ही ब्योमकेश का लिहीत नाही? तोपर्यंत त्यांची समजूत अशी, की आता त्याला कोण वाचणार! आपल्याला वाचणारं कुणी उरलं नाही, हे लेखकानं परस्पर ठरवून टाकलेलं असतं. खरं काय ते वाचणाऱ्यांनी येऊन सांगावं लागतं.

सुरुवातीच्या दहा आणि नंतरच्या बावीस कथा मी ओळीनं वाचल्या, अर्थात हिंदी-इंग्रजी अनुवादांतून. मराठीतही अनुवाद झाले आहेत. मला फरक जाणवला तो असा: आधीच्या कथांत कोडं चांगलं आहे, नंतरच्यांत माणसं. मधली सिनेमाची वर्षं वाया गेली असं म्हणतात, ते मला पटत नाही. 'चिडियाखाना' घ्या. एक निवृत्त न्यायाधीश शहराबाहेर फुलांची बाग आणि दुग्धालय चालवतो, आणि तिथे कामाला ठेवतो ती समाजानं टाकलेली, डाग लागलेली माणसं. ब्योमकेश तिथे जातो आणि ही सगळी मंडळी एकेक करून आपल्यासमोर येतात. कुणाच्या चालण्यात खोट, कुणाच्या बोलण्यात. हे पटकथा लिहिणाऱ्याचं कसब आहे. सत्यजित राय यांनी 1967 मध्ये उत्तमकुमारला घेऊन त्यावर चित्रपट केला. रायसाहेब स्वतः त्यावर फारसे खूश नव्हते आणि माझंही तेच मत आहे. कागदावरच इतकं पडद्यासारखं लिहिलेलं, की पडद्याला करायला काही उरलं नाही!

'आदिम रिपु' या कथेला 1946 च्या दंगलींपासून स्वातंत्र्याच्या दिवसापर्यंतच्या कलकत्त्याची पार्श्वभूमी आहे. त्या काळात लेखक मुंबईत होता आणि लिहिली ती पुण्यात आल्यावर. मी ही गोष्ट कितीदा तरी मनात घोळवली आहे. संध्याकाळी पुण्याच्या रस्त्यावर फिरून यायचं, आजूबाजूला आपली मराठी, सायकली, आणि घरी येऊन दंगलीतल्या कलकत्त्याची एखादी गल्ली उभी करायची.

पण पुणं त्यांनी नुसतं राहण्यापुरतं वापरलं असंही नाही. 'शैल रहस्य' ही ब्योमकेशची कथा आपल्या महाबळेश्वरात घडते. हिवाळ्यात ओस पडलेलं सह्याद्री हॉटेल, पारशी मालक, आणि रात्री खोलीत जाणवणारं काहीतरी. कथेचा मोठा भाग ब्योमकेशनं अजितला लिहिलेल्या पत्राच्या रूपात आहे. म्हणजे इथून तिकडे पाठवलेलं पत्र. शरदिंदुबाबू अठरा वर्षं दुसरं काय करत होते?

आणि सदाशिव. हे मला सगळ्यात उशिरा कळलं, तेही दादांकडूनच. लहान मुलांसाठी त्यांनी पाच लांब गोष्टी लिहिल्या: आदिकांड, अग्निकांड, दौडादौडी कांड, हैहै कांड आणि घोडा-घोडा कांड. नायक सदाशिव, डोंगरातल्या खेड्यातला मराठा पोरगा, जो तरुण शिवाजीराजांना जाऊन मिळतो. दादा म्हणाले, लहानपणी मावळे, गड, घोडदौड हे सगळं आम्ही सदाशिवकडून शिकलो. आता यातली गंमत कळायला थोडा इतिहास लागतो. 1741 ते 1751 या दहा वर्षांत नागपूरकर भोसल्यांच्या फौजांनी बंगालवर स्वाऱ्या केल्या. तिथे त्यांना 'बर्गी' म्हणत, म्हणजे आपले बारगीर. लुटालूट इतकी झाली, की बंगाली आया आजतागायत अंगाईत बर्गी आल्याची भीती घालतात. ज्या भाषेत मराठ्याचं नाव काढलं की मूल डोळे मिटतं, त्या भाषेतल्या मुलांना या माणसानं मराठा पोरगा सवंगडी म्हणून दिला. शिवाजी महाराजांवर बंगालीत आधीही मोठमोठ्यांनी लिहिलं होतं, पण ते थोरांसाठी.

इतकं सांगून झाल्यावर पुतणी म्हणाली, "ते ठीक आहे काका, पण ते आधीच प्रसिद्ध होते ना. त्यांना कलकत्त्याचे प्रकाशक होते. मला कोण विचारतं?"

मुद्दा बिनतोड होता. मी तो उडवून लावला नाही. बंगालीचा वाचक मोठा, कलकत्त्याला मासिकांचा आणि पूजा अंकांचा डोलारा, आणि ब्योमकेशचं नाव तिथे झालेलं. आपल्या एखाद्या मुलीपाशी यातलं काही नाही. मी तिला इतकंच दाखवलं, की वकिली सोडून ब्योमकेश लिहायला घेणारा माणूस मुंगेरचा होता. तेव्हा तो कुणी नव्हता.

आणखी एक गोष्ट मात्र मी तिला मुद्दाम सांगितली, कारण तिची भीती भाषेची होती. सुरुवातीच्या कथा शरदिंदुबाबूंनी साधू भाषेत लिहिल्या, म्हणजे जुन्या ग्रंथी बंगालीत. आपल्याकडे हरिभाऊ आपट्यांच्या वळणाचं लिहावं तसं. कथा सांगणारा अजित तीच भाषा वापरतो. पण बंगाली बदलत होती, आणि दूर राहूनही त्यांना ते ऐकू येत होतं. शेवटच्या कथांत त्यांनी अजितला निवेदकाच्या जागेवरून उठवलं आणि सरळ बोलीच्या वळणाची भाषा घेतली. साठी उलटल्यावर. बाहेर राहणाऱ्यांची भाषा गोठते, हे खरं आहे. आमच्या घरातही काही शब्द ग्वाल्हेरच्या पणजीबरोबर आले ते तसेच थिजले आहेत. पण गोठणं वेगळं आणि इथलं होणं वेगळं. गुमटी हा गोठलेला शब्द नाही. गुमटीवर मी आज सकाळीच चहा प्यायलो.

"तुम्हाला कसं माहीत, की पुण्याचे लोक गुमटीला हसतात?" तिनं विचारलं. पोरगी हुशार आहे.

मग माळ्यावरून वही काढावी लागली. लाल पेन्सिल अजून ठसठशीत होती. तिनं सगळी कथा बसल्या बैठकीला वाचली, मी स्वयंपाकघरात उगाच डबे लावत होतो. बाहेर येऊन म्हणाली, "गुमटी ठेवायला पाहिजे होती. टीआयसुद्धा. पण काका, खुनी दुसऱ्या पानावरच कळतो."

इतक्या वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं. त्या संपादकांनीही नाही.

तिनं स्वतःची कथा पुन्हा लिहायला घेतली आहे. टीआय हिंदीत विचारतो, कारागिराची म्हातारी आई मराठीत उत्तर देते, आणि तपास दोघांच्या मध्ये अडकतो. मला वाटतं, तिला तिचं रहस्य तिथेच सापडेल. मागच्या शनिवारी रात्री अकराला मला ओढून सराफ्यात घेऊन गेली. तुम्ही आला असाल तर ठाऊक असेल, दागिन्यांची दुकानं मिटली की त्यांच्याच ओटल्यांवर खाण्याच्या गाड्या लागतात. मी भुट्ट्याचा कीस घेतला. ती न खाता एका मिटलेल्या दुकानासमोर उभी राहून शटरची कुलपं मोजत होती. चार निघाली. कथेत तिनं दोन लिहिली होती.